चादरींचा पिच्चर

तूर सोंगायला, म्हणजे कापायला, आली की माझ्या ओठांवर एक चाल येते. मी तिला बोलवत नाही, तीच येते. यंदाही आली. बुलढाण्याहून आम्ही जानेफळला निघालो होतो. चिखली मागं पडली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी दिसायला लागल्या. पानं गळून गेलेली, शेंगा तपकिरी, वाऱ्याची झुळूक आली की सगळं शेत खुळखुळ्यासारखं वाजायचं. मी गाडीची काच खाली केली. पुढच्याच वळणावर मागच्या सीटवरून माझी मुलगी सम्यका म्हणाली, "सुरू झालं आईचं इंग्रजी."

ती चाल एका जुन्या हॉलिवूडच्या सिनेमातली आहे. नाचगाण्याचा सिनेमा. माझे वडील जन्मायच्या आधी कधीतरी, अमेरिकेच्या कुठल्याशा स्टुडिओत तयार झालेला. त्याचं खरं नाव मला आता ठाऊक आहे, पण आमच्या घरात ते कुणी घेत नाही. आमच्याकडे त्याला 'चादरींचा पिच्चर' म्हणतात. जानेफळच्या तुरीच्या खळ्याशी त्या सिनेमाचं काय नातं, असं कुणी विचारलं तर मला माझ्या कमलआत्याबद्दल सांगावं लागतं.

कमलआत्या बाबांची मोठी बहीण. अमडापूरला दिलेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. थोडी शेती होती, ती स्वतः करायची. पण तिची ओळख शेतीनं नव्हती, गळ्यानं होती. माहेरच्या आणि सासरच्या, दोन्ही विहारांतल्या बायकांच्या गायन पार्टीत ती पुढं बसायची. जयंतीच्या दिवशी तिनं पहिली ओळ उचलली की बाजारातली माणसं हातातलं वजन तसंच धरून उभी राहायची, असं बाबा अभिमानानं सांगत. तो अभिमान खोटा नव्हता. मी लहानपणी ऐकलंय. उंच, धारदार, सरळ वर जाणारा आवाज. माइकची तिला गरजच नसायची. माइक पुढं केला की ती हातानं बाजूला सारायची.

मी नववीत होते त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास तिच्या गळ्यात गाठ झाली. अकोल्याला ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, जीव वाचला, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग आत्या शुद्धीवर आली आणि तिनं पाणी मागितलं, तेव्हा तोंडातून नुसती हवा आली.

तपासायला आलेली डॉक्टर तरुण होती. ती कॉटवर आत्याशेजारी बसली आणि म्हणाली, "मावशी, आवाज गेलेला नाही. आतला एक पडदा नीट हलत नाहीये. तो हलता करायचा तर बोलत राहा, गुणगुणत राहा. जितकं गप्प बसाल तितकं पुढं अवघड होईल."

आत्यानं मान हलवली आणि त्याच दिवसापासून ती गप्प बसली.

विश्रांतीसाठी बाबांनी तिला जानेफळला आणलं. आमच्या घरात ती मधल्या खोलीच्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडायची. मला बोलवायचं असलं तर पितळी पेला उंबऱ्यावर वाजवायची. टण टण. आई मुद्दाम काहीतरी विचारायची, "ताई, भाजीत मीठ बरोबर आहे का वं?" आत्या बोटांनी सांगायची, बरोबर आहे. आई पुन्हा म्हणायची, "मले नाई दिसलं, सांगा ना." मग आत्या ताट सरकवून उठायची. आवाज होता, पण तो खरखरीत, फाटका, मध्येच तुटणारा होता. ज्या गळ्यानं बाजार थांबायचा त्या गळ्यातून असा आवाज काढायची तिला लाज वाटत होती. लाज हा शब्द मला आज सुचतो. तेव्हा मला ती नुसती रागावलेली वाटायची.

तरी एकदा ती विहारात गेली होती. जानेफळच्या पार्टीत पेटी वाजवणारे भगवानकाका घरी येऊन बसले, "तू नुसती बसजो कमल, गाऊ नको," असं म्हणत तिला घेऊन गेले; मीही सोबत होते. सराव सुरू झाला. जुनंच गाणं, तिचंच. बायका गायल्या आणि दुसऱ्या कडव्याशी, सवयीनं असेल, आत्यानं तोंड उघडलं. ओळ वर चढली आणि अर्ध्यात फाटली. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. पुढं बसलेल्या एका लहान मुलीनं आईला विचारलं, "ही आजी काऊन अशी बोलते?" आत्या उठली, पदर सावरला आणि माझा हात धरून घरी आली. वाटेत तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली. त्यानंतर उंबऱ्यावर पेलाही कमी वाजू लागला.

घरात सगळ्यांनाच कळत होतं की वेळ हातातून निसटतोय. बाबा शाळेतून आले की आधी आईकडे बघायचे. आई मान हलवायची. आज पण बोलली नाही.

संक्रांत झाली आणि माझा भाऊ मिलिंद अमरावतीहून आला. तो तिथं इंजिनिअरिंगला होता. येताना त्यानं मित्राचा सीडी प्लेअर आणला होता आणि तिथल्या दुकानातून घेतलेली एक सीडी, जिच्या डब्यावर जबडा वासलेली अजस्र मगर होती. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. रविवारी दुपारी, लाइट असायच्या वेळेत, आमच्या मधल्या खोलीत माणूस मावेना. म्हातारे, पोरं, कडेवरची बाळं. आत्याची कॉट भिंतीला सरकवली. ती तशीच पाठ करून पडून राहिली.

सिनेमा सुरू झाला. समुद्र. समुद्राकाठचं एक गाव, सपाट छपरांची घरं, रंग इतके भडक की पताका लावल्यासारखे. लाल कोट घातलेला बँड वाजवत चालला होता. मगर काही दिसेना.

"मगर कवा येते बे मिलिंद?" मागून कुणीतरी विचारलं.

"येईन ना. समुद्र दिसून राह्यला ना, त्याच्यातूनच येईन."

मग दर वेळी पाणी दिसलं की खोली पुढं सरकायची. बंदरावर पाणी आलं, मगर नाही. एका बाईनं बादलीत पाणी ओतलं, तरी मगर नाही. शेवटी पडद्यावर भला मोठा लाकडी टब आला, काठोकाठ भरलेला. शेजारचे बुवा पुटपुटले, "आता येते पाह्य." आणि त्या टबात एक बाई घागरा गुडघ्यापर्यंत खोचून उतरली आणि गायला लागली.

दुकानदारानं चुकीच्या डब्यात चुकीची सीडी घातली होती. माणसं उठली. "आता इंग्रजी गाणे आयकाले बसवतं का बे!" असं मिलिंदला म्हणत, हसत, अंग झटकत निघून गेली. मिलिंद ओशाळला. तो प्लेअर बंद करायला वाकला आणि थांबला, कारण कॉट वाजली होती. आत्या कुशीवर वळली होती.

त्या गाण्याबद्दल मी कितीही लिहिलं तरी ते हातात येणार नाही, पण प्रयत्न करते. ती बाई कपडे धुण्याचं दुकान चालवते. नायिका म्हणावी तर वय उलटत चाललेलं, दंड जाड, चेहरा घामानं चमकणारा. टबात चादरी टाकून ती पायांनी तुडवत असते. आधी गाणं नसतंच, नुसता कामाचा हुंकार. हुं, हुं, हुं. मग त्या हुंकाराला सूर लागतो, सुराला शब्द फुटतात, आणि आपल्याला कळतही नाही की ती गायला लागलीय. मग कॅमेरा वर उचलला जातो. गावातल्या सगळ्या छपरांवर बायका चादरी वाळत घालतायत. वारा सुटतो. पांढऱ्या चादरी फुगतात आणि त्यांच्यामधून बायका नाचत येतात, एकेका छपरावरून तिच्या सुरात सूर मिळवत. खाली ती तुडवतच राहते. काम सोडत नाही.

गाणं संपलं. खोलीत आई, मी, मिलिंद आणि आत्या एवढेच उरलो होतो. आई तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती, तिचा हात थांबला होता.

आत्या म्हणाली, "हे बाई खाली गाते."

आई दचकली. मी दचकले. आवाज तसाच होता, फाटका, पण पूर्ण वाक्य होतं आणि कुणी विचारलं नसताना आलं होतं.

"खाली म्हंजे?" मिलिंदनं विचारलं.

"खालच्या पट्टीत." आत्यानं घसा खाकरला. "बाप्यासारखा आवाज आहे तिचा. तरी किती भरून गाते पाह्य. वर जाऊनच नाई राह्यली." आणि लगेच, "अजून एकडाव लाव."

मिलिंदनं लावलं. आईनं पदरानं डोळे पुसले आणि मोठ्यानं म्हणाली, "शेंगा लय कोवळ्या हायेत, डोळ्यात उडते पानी."

पुढचे आठ-पंधरा दिवस आमच्या घरात दुसरं काही चाललं नाही. मिलिंद कॉलेजला परत गेला, प्लेअर ठेवून गेला. मी शाळेतून आले की दप्तर टाकायचे आणि सीडी लावायचे. लाइट गेली की आम्ही तिघी अंधारलेल्या पडद्याकडे बघत बसायचो आणि पुढची गोष्ट रचायचो. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं. बाबांना वाचता यायचं, पण ती माणसं इतक्या भरभर बोलायची की त्यांनीही हात टेकले. आईचं मत होतं की लाल कोटवाला बँडमास्तर त्या बाईचा हरवलेला भाऊ आहे. मी म्हणायचे, तो तिच्या प्रेमात आहे. आत्या दोघींकडे बघून डोकं हलवायची. तिला गोष्टीशी देणंघेणं नव्हतं. ती गाण्याची वाट बघायची.

शिवाय आमच्याकडे अर्धाच सिनेमा होता. दोन सीड्यांपैकी पहिलीच त्या मगरीच्या डब्यात आली होती. दारावर थाप पडते, ती बाई दार उघडायला निघते आणि पडदा निळा होतो. पुढं कॉलेजात असताना अकोल्याला एका मैत्रिणीकडे मी उरलेला भाग पाहिला. दारात बँडमास्तर असतो. दोघांचं लग्न होतं, गावभर नाच होतो, सगळं छान होतं. मी मोठ्या उत्साहानं आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, "होईन ना मंग, त्याच्यात काय?" तिच्यासाठी सिनेमा टबापाशीच पूर्ण झाला होता.

आम्ही मुलींनी त्या गाण्याचं आमच्यापुरतं एक रूप केलं. शाळेतल्या दोघी-तिघींना घेऊन मी घराच्या धाब्यावर चढले. चादरी आमच्याकडे कुठल्या इतक्या, आम्ही गोधड्या घेतल्या. गोधडी काही वाऱ्यावर फुगत नाही. आम्ही तिला दोन्ही बाजूंनी धरून गदागदा हलवायचो आणि मध्ये शिरून तोंडाला येतील ते इंग्रजी आवाज काढत नाचायचो. खालून आई ओरडली, "गोधडी फाडता का वं पोरी हो? उतरा खाली!" आणि तिच्यामागून, अंगणातून, एक विचित्र खरखरणारा आवाज आला. आत्या हसत होती. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. हसूही फाटकंच होतं आणि ते ऐकून ती स्वतःच पुन्हा हसली.

मग तूर सोंगली. पेंढ्या वाळल्या. आमचं शेत गावाबाहेर, पांदणीच्या वाटेच्या कडेला. तेव्हा हडंबा, म्हणजे मळणीचं यंत्र, मोठ्या शेतकऱ्यांकडे यायचं. आमची तूर काठ्यांनीच झोडपायची. खळ्यावर पेंढ्या पसरायच्या, दोन्ही बाजूंनी बायकांनी उभं राहायचं आणि पाळीपाळीनं काठी हाणायची. धप, धप. शेंगा तडकायच्या, दाणे उडायचे, भुशाची धूळ नाकातोंडात जायची. आत्यानं तोंडाला फडकं बांधलं आणि काठी उचलली. बाबा म्हणाले, "ताई, तू राहू दे." तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी तिच्या शेजारी होते. रविवार होता, ऊन कोवळं होतं, सात-आठ काठ्या एका लयीत पडत होत्या. त्या आवाजात शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागायचं. थोड्या वेळानं मला वाटलं, कुठंतरी भुंगा गुणगुणतोय. मी इकडंतिकडं पाहिलं. आत्याच्या तोंडावरचं फडकं हलत होतं. दर ठोक्याला आत काहीतरी फुटत होतं. हुं. हुं. हुं. टबातला हुंकार.

माझी काठी चुकली, पलीकडची बाई म्हणाली, "ध्यान कुठं आहे वं सुजा?" मी पुन्हा लय धरली. मला भीती वाटत होती की कुणाच्या लक्षात आलं तर ती थांबेल. पण काठ्यांचा आवाज तिला झाकत होता. तिथं ती तुटली तरी कुणाला ऐकू येणार नव्हतं, म्हणून ती तुटायला घाबरत नव्हती. हुंकाराचा सूर झाला. सूर खालीच राहिला, जिथं तो फाटत नव्हता तिथंच फिरत राहिला, गोठ्यातल्या गायीनं पाठ घासावी तसा त्याच जागी घासत. आणि मग शब्द आले. इंग्रजी नव्हे. इंग्रजी कुठलं तिला? तिनं त्या चालीत स्वतःचे बसवले होते, तिथंच, उभ्या उभ्या:

वाऱ्या ये रे, वाऱ्या ये,
तूर आमची उधळून दे,
भुसा तुले, दाना मले,
जाता जाता गाणं ने.

झोडपणं संपलं. काठ्या एकदम थांबल्या आणि आत्या थांबली नाही. थांबायचं राहून गेलं. मोकळ्या खळ्यावर तिचा तो खालचा, जाडसर, कडेला खरखरणारा आवाज एकटाच उरला. 'गाणं ने' पर्यंत पोचून तिला कळलं की सगळ्या बायका ऐकतायत. तिनं फडकं खाली ओढलं. चेहरा भुशानं पिवळा झाला होता.

पलीकडची बाई म्हणाली, "अजून म्हण ना कमलबाई. उधळणं बाकी आहे."

उधळताना तिनं ते पुन्हा म्हटलं. सुपातली तूर वरून सोडायची, वारा भुसा घेऊन जायचा. दुसऱ्यांदा दोघी-तिघींनी 'भुसा तुले, दाना मले' उचललं. बाबा बांधावर पाठमोरे उभे होते आणि बैलांना उगाच चुचकारत होते. बैल शांतच होते.

दुसऱ्या दिवशी भगवानकाका पेटी घेऊन घरी आले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. आत्या म्हणाली, "मले आता नाई जमत भगवानभाऊ. जुने गाणे वर हायेत."

"तू वर जाऊच नको. मी खाली येतो," काका म्हणाले. त्यांनी पेटीवर बोटं खाली सरकवली, एक पट्टी दाबून धरली. "इथून म्हण."

आत्यानं सूर लावला. तो पेटीच्या सुराला टेकला आणि तिथंच राहिला. काका डोळे मिटून म्हणाले, "हा आवाज आपल्या पार्टीत कोणाकडेच नव्हता."

"फाटका आहे."

"असू दे. तुह्या गळ्याची आधीची धार आयकून आमी घाबरत होतो कमल. आता मांगून म्हनावंसं वाटते."

चादरींच्या चालीवर त्या दोघांनी बसून नवं गाणं केलं. सकाळी दप्तर घेऊन शाळेला निघालेल्या मुलीचं. जयंतीला ते म्हणायचं ठरलं. ठरलं म्हणजे काकांनी ठरवलं. आत्या आदल्या दिवसापर्यंत नाही म्हणत होती.

जयंतीच्या दिवशी निळ्या पताका, पांढऱ्या साड्या, विहारापुढचा मांडव. अमडापूरहूनही माणसं आली होती. त्यांनी तिचा जुनाच आवाज ऐकलेला होता, म्हणून आईला जास्त धास्ती. आत्या उभी राहिली. कुणीतरी माइक पुढं केला. मी बघत होते. तिनं तो बाजूला सारला नाही. दोन्ही हातांनी धरला आणि तोंडाजवळ घेतला.

पहिली ओळ इतकी हळू आली की मागची माणसं उठून उभी राहिली. दुसऱ्या ओळीला आवाज हेलकावला. आत्या थांबली, श्वास घेतला. साडीच्या काठाखाली तिचे पाय हलताना मला दिसले, एकदा उजवा, एकदा डावा, जागच्या जागी तुडवत. तिनं ओळ पुन्हा घेतली आणि या वेळी ती पुढं गेली. ध्रुवपदाला पुढच्या रांगेतल्या बायकांनी साथ धरली, मग मागच्यांनी. चाल सोपी होती, कुणालाही म्हणता येण्यासारखी. जुन्या आत्याच्या गाण्याला लोक तोंड उघडं ठेवून ऐकायचे. या गाण्याला लोक गायले. बाजार थांबला नसेल त्या दिवशी, पण अख्खा मांडव एका समुद्राकाठच्या, कधी न पाहिलेल्या गावाच्या चालीत न्हाऊन निघाला आणि आम्ही घरचे नि भगवानकाका सोडले तर त्यातल्या एकालाही ते माहीत नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडावर आत्या अमडापूरला परत गेली. तपासणीला गेली तेव्हा ती तरुण डॉक्टर म्हणाली की पडदा पहिल्यासारखा होणार नाही, पण कामाला लागलाय. आत्यानं तिला गाऊन दाखवलं म्हणे, तिथंच, तपासायच्या खोलीत.

मी इंग्रजी शिकले त्याचं कारण विचाराल तर पुन्हा तेच. मला ते शब्द कळायला हवे होते. आज मी शाळेत इंग्रजी शिकवते. वर्गात मुलं विचारतात, "मॅडम, जुन्या पिच्चरमधी लोकं बोलता बोलता गायलेच काऊन लागतात? खरंखुरं कोणी असं करते का?" शहाणी माणसंही हेच विचारतात, जरा वरच्या स्वरात. किती भाबडं, म्हणतात. खोटे रंग, खोटा वारा, पंख्यानं फुगवलेल्या चादरी. असेल. पण बोलणं जिथं पुरेनासं होतं तिथं माणूस गातो, हे मी खळ्यावर पाहिलंय. त्या सिनेमावाल्यांना तेवढं एक पक्कं ठाऊक होतं आणि बाकी सगळं त्यांनी त्यासाठी उभं केलं. म्हणून तो सिनेमा जुना होत नसावा. कपडे जुने होतात, केसांची ठेवण जुनी होते. कामानं दमलेल्या बाईच्या हुंकाराचं जिथं गाणं होतं ती जागा कशी जुनी होणार?

कधीकधी वाटतं, आभार मानायचे तर कुणाचे? त्या गाणारीचे, हे तर झालंच. पण मागच्या रांगेत नाचणाऱ्या त्या बायका, ज्यांची नावंही कुणाला ठाऊक नसतील? ज्यानं पंखा धरला तो? ती सगळी माणसं आता नसतील. जानेफळ नावाचं गाव असतं हे त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. आणि अमरावतीचा तो दुकानदार, ज्यानं घाईत मगरीच्या डब्यात भलतीच सीडी कोंबली, त्याच्या निष्काळजीपणाचे मी किती वेळा मनोमन आभार मानलेत!

यंदा आम्ही घरी पोचलो तेव्हा आत्या आधीच अमडापूरहून आलेली होती. आता सत्तरीला टेकलीय. केस पांढरे, पाठ किंचित वाकलेली, पण बोलणं थांबत नाही. शेतात हडंबा लागला होता, तासाभरात सगळी तूर पोत्यात. जेवणं झाल्यावर सम्यका म्हणाली, "आजी, तुमचा पिच्चर मोठ्या टीव्हीवर लावू? पूर्ण आहे, नेटवर सापडला. रंग एकदम साफ केलेत." शेजारची चार पोरं येऊन बसली. मला वाटलं ती कंटाळून उठतील. बँड सुरू झाला आणि त्यातल्या सगळ्यात लहानानं मांडीवर ताल धरला. कुणी उठलं नाही.

टब आला. दर वेळी इथं आत्या स्वतःचे, वाऱ्या-तुरीचे शब्द म्हणते. इतक्या वर्षांत एकदाही चुकली नाही, आणि एकदाही तिनं मला विचारलं नाही की ती बाई खरं काय म्हणतेय. मी इंग्रजीची मास्तरीण झाले तरीही नाही. आज मात्र तिनं हात वर केला. सम्यकानं सिनेमा थांबवला.

"सुजा, हे बाई काय म्हनून राह्यली वं?"

मग मी सांगितलं. ती बाई गावातल्या एकेकाचं कापड पाण्यात टाकते आहे. ही चादर पाटलाची समज, ही बेकरीवाल्याची, ही जहाजावरच्या माणसाची, ही कुणा नव्या नवरीची. सगळ्यांचा मळ एकाच पाण्यात जातो आणि सगळ्या चादरी सारख्याच पांढऱ्या होतात. बस, एवढंच आहे.

आत्या ऐकत होती. "सगळ्याइच्या एकाच पान्यात?"

"हो."

"हे तिनंच म्हटलं का तू आपल्या मनानं सांगून राह्यली?"

"तिनंच म्हटलं आत्या."

तिनं थांबलेल्या चित्राकडे एकदा पाहिलं. मग सम्यकाला म्हणाली, "लाव मांगून. पयल्यापासून."

हुंकार सुरू झाला. सम्यकानं आत्याकडे पाहिलं, पोरांनी पाहिलं, मीही पाहिलं. आता ती सुरू करेल. आत्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"चूप. आज तिचं आयकू द्या मले."

छपरांवर वारा सुटला, चादरी फुगल्या, बायका आल्या आणि गेल्या. आत्या शेवटच्या सुरापर्यंत हलली नाही. मग तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली, "लय चांगली गाते बाई."